कुटुंबासह नॅरोबोटीवर एक दिवस : लॉकमधून जाण्याआधी काय ठरवावे

प्रश्न थोडक्यात असा आहे. जुलै महिन्यात साताऱ्याहून आई-वडील इंग्लंडला येणार आहेत, घरात ११ आणि ६ वर्षांची दोन मुले आहेत, आणि मिडलंड्समध्ये, म्हणजे इंग्लंडच्या मध्य भागात, एका दिवसासाठी नॅरोबोट (कालव्यांवर चालणारी लांब, अरुंद बोट) भाड्याने घेऊन काही लॉक (बोटीला वरच्या किंवा खालच्या पातळीवर नेणारे दारांचे हौद) पार करण्याचा बेत आहे. बोट चालवण्याचा अनुभव घरात कोणालाही नाही. हे सुरक्षित आहे का, किती लॉक घ्यावेत, आणि एसटीत चालक म्हणून नोकरी करून निवृत्त झालेल्या वडिलांना बोट चालवता येईल का, अशी तीन गोष्टींची विचारणा आहे. मी या कालव्यांवर बरीच वर्षे बोट चालवत आलो आहे आणि उन्हाळ्यात लॉकवर स्वयंसेवक म्हणून कामही करतो. त्यामुळे नवशिक्या कुटुंबांचे कुठे अडते आणि कुठे छान जमते, हे मला जवळून पाहायला मिळते.

बेत सुरक्षित आहे आणि जरूर करावा, मात्र एक नियम घाटावरून निघण्याआधीच सर्वांनी मान्य केलेला असावा. लॉकमध्ये पाणी सोडायचे की थांबवायचे, हे सुकाणू धरलेल्या माणसाने ठरवायचे आणि काठावरच्या माणसांनी त्याच्या हाताच्या इशाऱ्याशिवाय काहीही उघडायचे नाही. लॉकवर मी जे गोंधळ पाहतो त्यांतले बहुतेक एकाच कारणाने होतात : काठावरचा उत्साही माणूस पाणी सोडण्याची किल्ली फिरवत सुटतो आणि बोटीचे काय चालले आहे याकडे त्याची पाठ असते. इंजिनाच्या आवाजात हाका ऐकू येत नाहीत, म्हणून इशारे हाताचेच ठरवावेत. एक हात वर म्हणजे उघडा, दोन्ही हात समोर आडवे म्हणजे लगेच बंद करा, एवढे दोन पुरतात.

आता बोटीविषयी. नॅरोबोटीची रुंदी सुमारे ६ फूट १० इंच असते आणि लांबी ७० फुटांपर्यंत जाऊ शकते. हा सडपातळ आकार ठरला तो लॉकमुळे. अठराव्या शतकात जेम्स ब्रिंडली या अभियंत्याने ट्रेंट अँड मर्सी कालव्यावरचे लॉक साधारण ७ फूट रुंदीचे बांधले. पाणी आणि बांधकामाचा खर्च दोन्ही वाचवणारा हा निर्णय होता, आणि मिडलंड्समधल्या कितीतरी कालव्यांनी तीच रुंदी उचलली. एका दिवसासाठी भाड्याने मिळणाऱ्या बोटी बहुधा यापेक्षा बऱ्याच आखूड असतात. तरीही ती पोलादी बोट काही टन वजनाची असते आणि तिला ब्रेक नसतो. ती थांबते ती गिअर उलटा टाकून, तेही सावकाश. खडकवासल्याहून पुण्यात येणाऱ्या कालव्याप्रमाणे इथले पाणी जोराने वाहत नाही, जवळजवळ स्थिर असते, आणि बहुतेक ठिकाणी ते मोठ्या माणसाच्या कमरेच्या आसपासच खोल असते. कॅनाल अँड रिव्हर ट्रस्ट या संस्थेकडे २०१२ पासून इंग्लंड आणि वेल्समधल्या सुमारे २,००० मैल जलमार्गांचा कारभार आहे. तिच्या कालव्यांवर वेगाची मर्यादा ताशी ४ मैल असली, तरी प्रत्यक्षात तुम्ही ३ मैलांनीच जाल.

किती लॉक घ्यावेत, याचा हिशेब सोपा आहे. जाऊन-येऊन जितके मैल आणि जितक्या वेळा लॉक पार करायचे, त्यांची बेरीज करावी आणि तिला ३ ने भागावे. येणारी संख्या म्हणजे प्रवासाचे तास. ६ मैल आणि ६ वेळा लॉक म्हणजे ४ तास. नवख्या कुटुंबासाठी मी त्यात आणखी एक तास धरतो, आणि जेवण, फोटो, आजी-आजोबांची विश्रांती यांसाठी वेगळा वेळ राखतो. दिवसभरासाठी दिलेली बोट संध्याकाळी ठरलेल्या वेळी परत करावी लागते, आणि उशीर होतोय म्हणून घाई करण्याची सर्वांत वाईट जागा म्हणजे लॉक. म्हणून ३ लॉक जाताना आणि तेच ३ परत येताना, यापेक्षा जास्त घेऊ नयेत असे माझे स्पष्ट मत आहे. नुसती सलग ८-१० मैलांची फेरी मारून येण्यापेक्षा हे ३ लॉक मुलांच्या कितीतरी अधिक लक्षात राहतात.

जागा निवडायची झाली तर रग्बीजवळचे हिलमॉर्टनचे लॉक मला पहिल्या दिवसासाठी सर्वांत योग्य वाटतात. ऑक्सफर्ड कालव्याच्या उत्तर भागात असलेले हे लॉक संख्येने ३ आहेत आणि प्रत्येकाला शेजारी एक जुळा लॉक आहे. कालव्यावर मालवाहू बोटींची इतकी गर्दी होत असे की एकोणिसाव्या शतकात ही जोडकामे करावी लागली. आजही देशातल्या सर्वांत वर्दळीच्या लॉकमध्ये त्यांची गणना होते. तरीही दोन वाटा असल्याने रांग फार खोळंबत नाही, प्रत्येक लॉकची उंची माफक आहे, आणि उन्हाळ्यात तिथे मदतीला स्वयंसेवक अनेकदा असतात. वर्दळ पाहून बिचकू नये. दुसऱ्यांच्या चार बोटी आधी पाहायला मिळणे, हे नवशिक्याला उत्तम शिक्षण आहे.

लेस्टरशरमधल्या फॉक्सटनचे १० लॉक आणि विल्टशरमधल्या केन हिलचे २९ लॉक यांची छायाचित्रे पाहून अनेकांना तिथेच बोट न्यावीशी वाटते. फॉक्सटनला पाच-पाच लॉकचे दोन जिने आहेत, म्हणजे एका लॉकचे वरचे दार हेच पुढच्या लॉकचे खालचे दार असते, आणि बोट ७५ फूट चढते. तिथल्या रक्षकांना आधी भेटून, त्यांनी पाठवल्यावरच निघावे लागते. ते शिकवतात उत्तम, पण चढायलाच पाऊण तास ते एक तास लागतो, उतरायला तेवढाच, आणि त्याआधी वाट पाहणे वेगळे. केन हिल तर अख्ख्या दिवसाचे काम आहे. ही दोन्ही ठिकाणे आई-वडिलांना पायी फिरून दाखवावीत. काठावरून ती अधिक चांगली दिसतातही.

लॉक म्हणजे दोन्ही टोकांना दारे असलेला दगडी किंवा विटांचा हौद. कालव्याची एक बाजू उंच पातळीवर आणि दुसरी खालच्या पातळीवर असते. हौदातले पाणी ज्या बाजूच्या पातळीला आणाल, त्या बाजूचे दार उघडते. इथे पंप नाही, वीज नाही. पाणी उतारानेच येते आणि उतारानेच जाते. खालच्या टोकाला बहुधा दोन दारे असतात आणि ती नमस्काराला जोडलेल्या हातांसारखी वरच्या पाण्याच्या दिशेने टोक करून मिटतात, त्यामुळे पाण्याचा दाबच त्यांना घट्ट बंद ठेवतो. पाणी आत घेण्यासाठी आणि बाहेर सोडण्यासाठी ज्या झडपा असतात, त्यांना इथे पॅडल म्हणतात. विंडलस नावाच्या, काटकोनात वाकवलेल्या लोखंडी किल्लीने दात्यांचे चाक फिरवून त्या वर उचलायच्या. ७० फुटी बोट मावणाऱ्या एका अरुंद लॉकमध्ये पातळी २ मीटर बदलायची, तर सुमारे १ लाख लिटर पाणी वरच्या पातळीवरून खाली जाते. म्हणूनच समोरून येणाऱ्या बोटीसाठी लॉक तयार असेल तर तिला आधी जाऊ द्यावे, आणि आपण बाहेर पडल्यावर झडपा व दारे बंद करावीत. समोरून कोणी येतच असेल, तर मात्र त्याच्यासाठी दार उघडे ठेवावे.

दार उघडत नसेल तर ढकलत बसू नये. आत-बाहेरच्या पातळीत फक्त ५ सेंटीमीटर फरक राहिला असला, तरी २ मीटर रुंद आणि अडीच मीटर खोल पाण्यात बुडालेल्या दारावर सुमारे २५० किलो वजनाइतका दाब असतो. चार माणसांनी जोर लावूनही ते हलणार नाही, आणि आणखी अर्ध्या मिनिटाने ६ वर्षांच्या मुलाने मोठ्यांबरोबर पाठ टेकवून रेटले तरी ते सरकू लागेल. हे मुलांना आधी समजावून सांगावे आणि मग प्रत्यक्ष दाखवावे. पाण्याचा दाब म्हणजे काय, हे समजण्याची याहून चांगली जागा मला ठाऊक नाही.

वर चढताना बोट रिकाम्या लॉकमध्ये शिरते, मागची दारे मिटतात, खालच्या झडपा पूर्ण बंद असल्याची खात्री होते आणि मग वरच्या झडपा उघडतात. इथे सारी काळजी वेगाची आहे. झडप एकदम पूर्ण उघडली तर पाण्याचा लोट बोटीला आधी मागे रेटतो आणि मग पुढे खेचतो, आणि समोर बसलेली माणसे धडपडतात. आधी पाव किंवा अर्धी झडप उचलावी, बोट स्थिर झाली की इशारा घ्यावा आणि मग बाकीची उचलावी. काही लॉकमध्ये वरच्या दारातच झडपा असतात. त्या आधी उघडल्या तर पाणी थेट बोटीच्या पुढच्या उघड्या भागात पडू शकते, म्हणून काठावरच्या जमिनीतल्या झडपा आधी आणि दारातल्या झडपा पाणी पुरेसे चढल्यावर, हा क्रम पाळावा. बोटीचे नाक दाराच्या एखाद्या आडव्या लाकडाखाली अडकत नाही ना, हेही पाहत राहावे. अडकलेच, तर वरच्या झडपा तत्काळ बंद करून खालच्या उघडाव्यात, म्हणजे पाणी उतरून नाक सुटते.

खाली उतरणे दिसायला शांत असते, पण खरा धोका तिथेच आहे, म्हणून याबद्दल मी अधिक सांगतो. वरच्या दाराच्या पायथ्याशी दगडी किंवा काँक्रीटचा एक उंबरठा असतो. त्याला सिल म्हणतात. लॉक भरलेला असताना तो पाण्याखाली असल्याने दिसत नाही, आणि काही ठिकाणी तो दारापासून दीड मीटरपर्यंत पुढे आलेला असतो. पाणी उतरू लागले आणि बोटीचा मागचा भाग त्याच्यावर राहिला, तर मागचा भाग तिथेच टेकतो, पुढचा पाण्याबरोबर खाली जातो, आणि बोट तिरकी होऊन काही मिनिटांत बुडू शकते. काठावर सिलची जागा दाखवणारी पांढरी रेघ रंगवलेली असते. तुमच्या बोटीचे सुकाणू आणि बोटीला पुढे ढकलणारा पाण्यातला पंखा त्या रेघेच्या बऱ्याच पुढे आहेत, हे सुकाणूवाल्याने पाहावे आणि काठावरच्या एका माणसानेही स्वतंत्रपणे पाहावे. आखूड बोट असल्याचा तुम्हाला इथे मोठा फायदा आहे, कारण पुढे जागा भरपूर राहते. पण आखूड बोट लॉकमध्ये मागे-पुढे तरंगतेही अधिक, म्हणून पाणी उतरत असेपर्यंत सुकाणूवाल्याने फोन, चहा, गप्पा सगळे बाजूला ठेवावे. मागचा भाग टेकलाच, तर क्रम असा : खालच्या झडपा त्याच क्षणी बंद करायच्या, आणि त्यानंतर वरच्या झडपा हळूहळू उघडून पाणी पुन्हा चढवायचे. हा क्रम निघण्यापूर्वी सर्वांकडून एकदा बोलून घ्यावा. खाली उतरताना बोट काठाला घट्ट बांधूनही ठेवू नये, कारण पाणी उतरल्यावर ती दोरावर लटकते. दोर हवाच असेल, तर तो खुंटाभोवती एक फेरा देऊन हातात धरावा आणि सैल सोडत जावे.

किल्ली हे साधे अवजार असले तरी हाताला दुखापती करते ती तीच. झडप वर असताना तिला अडवून धरणारी खिटी नीट बसलेली नसेल आणि किल्ली चाकाच्या दांड्यावरच राहिली असेल, तर झडपेच्या वजनाने ती गरगर फिरते आणि मनगटावर किंवा तोंडावर बसते. खिटी बसल्याचे डोळ्यांनी पाहावे, किल्ली लगेच काढून हातात घ्यावी, आणि झडप खाली आणताना ती सोडून न देता फिरवतच आणावी. दात्यांच्या चाकांजवळ पदर, ओढणी किंवा लोंबणारा स्कार्फ असता कामा नये. आईंना साडीतच बरे वाटत असेल तर त्यांनी खुशाल साडी नेसावी, पण किल्लीच्या कामापासून दूर राहावे. चपला कोणीच घालू नयेत. लॉकच्या काठाचे दगड ओले आणि शेवाळलेले असतात. मागे घट्ट पट्टा असलेले, तळव्याला पकड असणारे बूटच हवेत.

मुलांना लाइफ जॅकेट दिवसभर घालायला लावावे, लॉकपुरतेच नव्हे. बोट भाड्याने देणारे ते सहसा वेगळे पैसे न घेता देतात, पण मुलांचे वय आणि वजन आधी कळवावे, म्हणजे योग्य मापाचे तयार असते. ११ वर्षांच्या मुलाला मोठ्या माणसाच्या शेजारी उभे करून किल्ली फिरवायला द्यायला हरकत नाही. ६ वर्षांच्या मुलासाठी एका मोठ्या माणसाचे त्या वेळी दुसरे कुठलेही काम नसावे. त्याला दार रेटण्यात सामील करून घ्यावे आणि बाकी वेळ काठापासून लांब ठेवावे. दारांवरच्या अरुंद फळीवरून कोणी धावू नये. बोटीतून काठावर आणि काठावरून बोटीत जायचे ते पाऊल टाकून, उडी मारून कधीच नाही. बोट भिंतीला लागणार असे दिसले की हात किंवा पाय मध्ये घालण्याची जी ऊर्मी येते, ती आवरावी. बोट भिंतीला लागली तर रंग खरवडेल, इतकेच. मध्ये आलेला पाय मात्र चिरडतो. लॉकमध्ये असताना बोटीवरच्यांनी डोके आणि कोपर कडेबाहेर काढू नये. आजी-आजोबांसाठी पुढच्या बाजूची बैठक सर्वांत छान असते, पण चढताना-उतरताना तिथली पायरी गुडघ्याइतकी उंच असू शकते, तेव्हा पहिल्या लॉकआधीच त्यांना बसवावे आणि सगळे लॉक संपेपर्यंत उठवू नये.

कोणी कालव्यात पडलेच, तर पहिले काम इंजिनाचा गिअर न्यूट्रलला आणणे, कारण जिवाला धोका असतो तो फिरत्या पंख्याचा. मागोमाग दुसऱ्याने उडी घेऊ नये. पडलेल्याला उभे राहायला सांगावे, बहुतेक ठिकाणी पाय टेकतात, आणि दोर किंवा रिंग टाकून काठाकडे घ्यावे. लॉकमध्ये मात्र पाय टेकत नाहीत; तिथे गिअर न्यूट्रलला आणतानाच सगळ्या झडपा बंद करायच्या, म्हणजे पाण्याचा ओढा थांबतो, आणि मग भिंतीतल्या शिडीकडे न्यायचे. पावसाळ्यात मुंबईकर ज्या लेप्टोला घाबरतात, त्याचे जंतू या पाण्यातही असू शकतात. हातावरची जखम झाकलेली असावी आणि ओले दोर हाताळल्यावर साबणाने हात धुतल्याशिवाय डबा उघडू नये.

बोट ठरवताना मालकाला विचारायच्या गोष्टी थोड्याच आहेत, पण पैसे भरण्याआधी विचाराव्यात. एका दिवसाच्या बोटी लॉकमधून नेण्याची परवानगी सगळेच देतात असे नाही. परत फिरायचे झाल्यास बोट वळवण्याइतकी रुंद जागा मार्गावर कुठे आहे, हे नकाशावर खूण करून घ्यावे. शौचालय आणि गॅसची शेगडी आहे का, आणि किती माणसांना परवानगी आहे, हेही. अशी बोट सहलीसाठी चालवायला ब्रिटनमध्ये वेगळा परवाना लागत नाही. निघण्यापूर्वी मालक जे प्रात्यक्षिक देतो, ते घरातल्या दोन मोठ्यांनी पूर्ण ऐकावे. दोन किल्ल्या मागून घ्याव्यात, एक पाण्यात पडतेच. जेवण घरून न्यावे. थालीपीठ आणि दही-भात बोट चालू असतानाही खाता येतो, आणि लॉकच्या रांगेत उभे असताना त्याचे मोल कळते.

शेवटी वडिलांविषयी. त्यांना बोट जरूर द्यावी. घाटातून गाडी काढलेल्या माणसाकडे संयम असतो आणि इथे तोच कामाला येतो. फक्त तीन सवयी त्यांना बदलाव्या लागतील. सुकाणूचा दांडा डावीकडे ढकलला की बोटीचे नाक उजवीकडे वळते. बोट मध्यावर फिरते, त्यामुळे नाक एका बाजूला गेले की मागचा भाग दुसऱ्या बाजूला झोक घेतो, हे लक्षात ठेवून वळण आधीच सुरू करावे. आणि समोरून बोट आली तर आपण उजवीकडे व्हायचे, रस्त्यासारखे डावीकडे नाही. एरवी कालव्याच्या मधोमध राहावे, कारण कडेला गाळ असतो. काठाला बांधलेल्या बोटी दिसू लागल्या की पहिल्या बोटीच्या बरेच आधी इंजिन अगदी मंद करावे. आपल्या लाटेने त्यांच्या खुंट्या उपटतात, आणि त्या बोटींत माणसे राहत असतात. तुम्ही शेजारी उभे राहून त्यांना एखाद्या सरळ, मोकळ्या पट्ट्यावर अर्धा तास सुकाणू द्या. कमानीचा अरुंद पूल किंवा लॉकचा धक्का दिसू लागला, की थांबण्याची वेळ येण्याच्या पुरेसे आधी, बोट चालती असतानाच, दांडा परत आपल्या हाती घ्या.